चेतापेशी, चांदीचं पाणी आणि माझं एक मत

लातूर जिल्हा होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. दुकानांच्या पाट्यांवर अजून ‘जि. उस्मानाबाद’ असंच होतं. काही हौशी दुकानदारांनी उस्मानाबादवर पांढरा रंग फासून घेतला होता, पण पुढं लातूर लिहायला पेंटर मिळत नव्हता, कारण गावातले सगळे पेंटर नव्या कचेऱ्यांच्या पाट्या रंगवण्यात गुंतले होते. त्यामुळे अर्धी बाजारपेठ कुठल्याच जिल्ह्यात नव्हती. पाऊस लागोपाठ दुसऱ्या वर्षी पडला नव्हता. नळाला तिसऱ्या दिवशी पाणी यायचं, तेही कोमट आणि मचूळ.

मी मूळची देगलूरची. नांदेडला शिकले आणि लातूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागले. नोकरीचं ते पहिलंच वर्ष. साडी नेसायची सवय नव्हती आणि विद्यार्थ्यांपैकी निम्मे माझ्यापेक्षा उंच होते, म्हणून मी फार गंभीर चेहरा करून शिकवायचे.

एक दिवस पेशी शिकवत होते. गॉल्जी संकुल आलं. फळ्यावर मी पुस्तकातली आकृती काढली: एकावर एक रचलेल्या चपट्या पिशव्या, कडेला सुटलेले बारीक फुगे. पेशीत तयार झालेली प्रथिनं इथं येतात, इथं त्यांच्यावर हात फिरतो, साखरेचे तुकडे चिकटतात, कुणी कुठं जायचं ते ठरतं, आणि मग छोट्या पिशव्यांत बांधून ती रवाना होतात, असं सांगितलं. गॉल्जी नावाच्या इटलीच्या शास्त्रज्ञाला हे संकुल पहिल्यांदा दिसलं ते चेतापेशीत, म्हणजे मज्जातंतूच्या पेशीत, हेही सांगितलं. पहिल्या बाकावर चाकूरहून रोज बसनं येणारी एक मुलगी बसायची. ती कधी बोलत नसे. त्या दिवशी ती उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, “मॅडम, हे तुम्ही स्वतः पाह्यलंय का?”

खरं उत्तर ‘नाही’ असं होतं. मी परीक्षेत ती आकृती इतक्या वेळा काढली होती की झोपेतही काढली असती, पण पाहिली नव्हती. तसं सांगून टाकलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण नोकरी नवी आणि चेहरा गंभीर. मी म्हणाले, “पुढच्या महिन्यात तुम्हा सगळ्यांनाच दाखवते.”

वर्गाबाहेर आले तेव्हा प्रयोगशाळेचे मामा दारात उभे होते. मामा म्हणजे आमचे परिचर, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेले. तरुणपणी निजामाच्या राज्यात एका दवाखान्यात बाटल्या धुवायच्या कामावर होते, त्यामुळे रसायनशास्त्र आपल्याला येतं असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. ते म्हणाले की शब्द तर दिला, आता सामानाची यादी द्या.

यादी मोठी नव्हती. नेहमीच्या रंगात गॉल्जी दिसत नाही; त्याला चांदीचा क्षार, म्हणजे सिल्व्हर नायट्रेट लागतं. ऊतकाचा तुकडा आधी एका द्रावणात घट्ट करायचा, मग दीड-दोन दिवस चांदीच्या पाण्यात अंधारात ठेवायचा, मग दुसऱ्या एका रसायनानं ती चांदी काळी करायची. सगळं जमलं तर चेतापेशीत गॉल्जीच्या जागी काळी जाळी उमटते. नाही जमलं तर सगळंच काळं होतं. रसायनं कपाटात होती. दोन गोष्टी नव्हत्या: चेतापेशी आणि पाणी.

चेतापेशींसाठी आम्ही मटणाच्या दुकानात गेलो. बकऱ्याच्या पाठीच्या कण्याला लागून, मणक्यांच्या फटीत, ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी असतात. मोठमोठ्या चेतापेशींचा तिथं घोळका असतो. मी दुकानदाराला त्या गाठी कुठं असतात ते सुरीनं दाखवलं. तीस वर्षं हा धंदा करणाऱ्या माणसाला एक मास्तरीण बकऱ्यात नवीन काही दाखवते आहे याचं त्याला फार आश्चर्य वाटलं. त्यानं चार गाठी काढून केळीच्या पानावर ठेवल्या आणि याचं कालवण कसं करतात असं आदबीनं विचारलं. मामा म्हणाले, “कालवण न्हाई. बाई त्याला चांदी चढवून राहिल्यात.”

पाण्याचं अवघड होतं. आमच्या बोअरचं पाणी खारट. त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं की ताबडतोब दही लागल्यासारखं पांढरं फटक व्हायचं. मिठाशी गाठ पडली की चांदी तिथंच बसते, पुढं पेशीपर्यंत जातच नाही. ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफ गार करून मिळणारं शुद्ध पाणी करायचं यंत्र होतं, पण त्याची नळी गार ठेवायला बादल्यांवर बादल्या पाणी ओतावं लागतं. एक बाटली शुद्ध पाण्यासाठी दोन हौद वाहून घालवायचे, आणि हॉस्टेलची मुलं एका तांब्यात अंघोळ करत होती. प्राचार्यांनी ते यंत्र कुलपात घातलं होतं, आणि त्यांचं बरोबर होतं.

शेवटी मामांनीच तोड काढली. मोटारीच्या बॅटरीत घालायचं पाणी ऊर्ध्वपातितच असतं. गांधी चौकाच्या पुढं एक बॅटरीवाला मामांच्या ओळखीचा होता. मामा दोन बाटल्या घेऊन आले. त्यांनी तिथं काय सांगितलं असेल ते मला दुसऱ्या दिवशी कळलं, कारण बॅटरीवाला रस्त्यात भेटला आणि काळजीनं म्हणाला, “मॅडम, मेंदूला फरक पडला का?”

पहिला प्रयत्न पूर्ण काळा झाला. दुसऱ्या वेळी मेणानं दगा दिला. घट्ट केलेला तुकडा मेणात बसवून त्याचे पातळ काप काढायचे असतात. होळी होऊन गेली होती, पत्र्याच्या छताखाली दुपारी मेण लोण्यासारखं मऊ व्हायचं आणि कापाची चुरगळून गोळी व्हायची. मामांनी मेणाची वडी रात्रभर माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवली आणि सकाळी सातला मला बोलावून घेतलं. तिसऱ्या वेळी काप निघाले, सरळ, एकाला एक चिकटून रिबिनीसारखे.

या सगळ्यात माझे हात कामातून गेले. रबरी हातमोज्यांचा एकच जोड होता आणि तो फाटका. सिल्व्हर नायट्रेट बोटाला लागतं तेव्हा पाण्यासारखं असतं, काही दिसत नाही. उजेडात गेलं की तासाभरात तपकिरी, मग काळं. साबणानं जात नाही, लिंबानं जात नाही, कातडी बदलेल तेव्हाच जातं. मी डावखुरी. डाव्या हाताची पाचही बोटं आणि उजव्या हाताची तीन, नखांसकट काळी ठिक्कर पडली.

पण दिसलं. सूक्ष्मदर्शकाखाली पिवळसर गोल चेतापेशी, मधे फिकट केंद्रक, आणि केंद्रकाभोवती काळ्या धाग्यांचं वेडंवाकडं जाळं. आयुष्यभर ज्याची आकृती काढली ते खरंच तिथं होतं. मग वर्गाला बोलावलं. चाकूरची मुलगी सगळ्यात आधी वाकली, पुष्कळ वेळ पाहिलं आणि म्हणाली की हे पुस्तकासारखं मुळीच दिसत नाही, करपलेल्या शेवयांसारखं दिसतं. मला सांगावं लागलं की त्या रचलेल्या पिशव्या दिसायला याहून फार मोठं यंत्र लागतं; आपल्याला दिसते ती नुसती त्यांची जागा. ती म्हणाली, “म्हणजे तुम्ही पिशव्या पाह्यल्याच न्हाईत.” मी म्हणाले, “हो, नाही पाहिल्या.” तेव्हापासून आमचं छान जमलं.

यानंतर दोनच दिवसांनी मतदान होतं.

मतदान आमच्या घरात मोठं काम मानलं जायचं. वडील देगलूरला पोस्टात होते. आजोबा दुसऱ्याच्या शेतावर राबले आणि धम्म घेतल्यावर पोरांना शाळेत घातलं. गावातल्या मोठ्या घरालाही एक आणि आपल्यालाही एकच, असं मतासारखं दुसरं काही नाही, असं वडील सांगायचे आणि त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या दहात उभे राहायचे. लातूरच्या यादीत माझं नाव पहिल्यांदाच लागलं होतं. मीही इस्त्रीची साडी नेसून नऊ वाजता गेले. केंद्र आमच्याच कॉलेजातल्या एका वर्गात होतं.

पहिल्या टेबलावरच्या माणसानं यादीत नाव शोधलं, मोठ्यानं वाचलं आणि खूण केली. दुसऱ्या टेबलावर शाईची बाटली घेऊन बसलेल्यानं न बघता माझा डावा हात धरला, काडी बुडवली, बोटाजवळ आणली आणि थांबला. मग त्यानं माझी पाचही बोटं एकेक करून उलटी-सुलटी पाहिली. वर माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, “पाच वेळा?”

मी सांगितलं की ही मतदानाची शाई नाही, सिल्व्हर नायट्रेट आहे. हे सांगून मी फार मोठी चूक केली, कारण त्याच्या हातातल्या बाटलीवर, मला नंतर दिसलं, तेच लिहिलं होतं.

केंद्राध्यक्ष उठून आले. ते निलंग्याकडचे एक मास्तर होते, सडसडीत, चष्म्याला दोरी बांधलेली. दोन बाजूंच्या दोन उमेदवारांचे दोन प्रतिनिधी बाकावर बसले होते. मी कुणाला मत देणार हे दोघांनाही माहीत नव्हतं, म्हणून खबरदारी म्हणून दोघांनीही हरकत घेतली. पहिल्या टेबलावरचा म्हणाला की त्यानं खूण करायच्या आधी यादीत माझं नाव कोरं होतं. त्यावर मास्तरांनी मला विचारलं, दुसऱ्या कुठल्या गावच्या यादीत नाव आहे का. मी देगलूरची आहे आणि तिथल्या यादीतून नाव काढलं गेलं की नाही ते मला ठाऊक नाही, असं मी खरं ते सांगितलं. खोली एकदम गंभीर झाली. एका प्रतिनिधीनं घड्याळ पाहिलं आणि तिथं मतदान करून इतक्या लवकर बसनं इथं पोचता येत नाही, असं कबूल केलं. दुसरा म्हणाला, जीप असेल तर येतं. पाच वेळा मत द्यायला जीप करणारी बाई म्हणून रांगेतले लोक माझ्याकडे जरा आदरानं बघायला लागले.

मास्तर वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला खुर्ची दिली आणि विचारलं, “हे काळं नेमकं कशापायी केलं, ते सांगा. मला लिहावं लागेल.”

मग मी सांगायला लागले. सवयीनं उभी राहिले आणि फळ्याकडे गेले, कारण वर्ग माझाच होता. चेतापेशीचा एक गोळा काढला आणि त्याला एक लांबच लांब शेपूट. मी म्हणाले की आपल्या पायाच्या अंगठ्याला काटा टोचला की जी पेशी ती खबर नेते, तिचा गोळा अंगठ्यात नसतो, इथं पाठीच्या कण्यापाशी असतो, आणि तिचा धागा कंबरेपासून थेट अंगठ्यापर्यंत उतरलेला असतो. डोळ्याला न दिसणारी पेशी, पण लांबी हातभराहून जास्त. आता त्या धाग्याच्या टोकाला जे काही लागतं, खबर पकडणारी दारं म्हणा, दुरुस्तीचं सामान म्हणा, ते तिथं तयार होत नाही. ते सगळं वर, गोळ्यात होतं. कच्चा माल या काळ्या जाळीत, गॉल्जीत येतो. इथं तो तासला जातो, त्याला साखरेचे तुकडे लावले जातात, आणि कुठला माल इथंच ठेवायचा, कुठला धाग्याच्या कडेला लावायचा आणि कुठला थेट टोकापर्यंत धाडायचा, ही निवड होते. मग त्याच्या बारीक पिशव्या सुटतात आणि धाग्याच्या आतल्या रुळांवरून चालत जातात. (आज म्हणतात की थोडंफार धाग्यातही होतं. तेव्हा आम्हाला एवढंच शिकवलेलं होतं.)

मास्तर ऐकता ऐकता पुढं सरकले होते. ते म्हणाले, म्हणजे ही आवक-जावक झाली. मी म्हणाले की नुसती आवक-जावक नाही, इथं मालात बदलही होतो. ते थोडे उदास झाले. जिल्हा वेगळा झाल्यापासून त्यांचं सर्व्हिस बुक उस्मानाबादेतून निघालं होतं आणि अजून लातूरला पोचलं नव्हतं, असं त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं. “निवडलं चुकीचं, की रस्त्यात अडकलं, ते कसं कळतं तुमच्या पेशीत?” असं त्यांनी विचारलं.

रांगेत पुढं एक म्हातारी होती, लुगड्याचा काचा घातलेली, अनवाणी. तिनं विचारलं की वरून निघालेली पिशवी अंगठ्याला किती दिवसांत पोचती. मी म्हणाले, दोन-अडीच दिवस लागत असतील.

“नळासारखंच हाय की मग,” ती म्हणाली. “माय, माझ्या अंगठ्याला सहा महिन्यांपासून कायबी कळत न्हाई. माझं वरून सुटतच नसंल.”

लोक हसले, पण मी नाही हसू शकले. तिला बाजूला घेऊन तिचा पाय पाहिला. टाचेपाशी एक जखम होती आणि ती तिला माहीत नव्हती.

एवढ्यात मामा सूक्ष्मदर्शक घेऊन हजर झाले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. भांडण लागलंय म्हटल्यावर पुरावा लागेल हे त्यांनी स्वतःच ताडलं होतं. आरशाचा सूक्ष्मदर्शक, त्याला उजेड हवा. उजेड फक्त खिडकीशी होता आणि खिडकीशी मत द्यायचा पुठ्ठ्याचा आडोसा होता. मास्तरांनी दोन मिनिटं मतदान थांबवलं, मामांनी आडोसा हलवला, आणि लोकशाहीच्या जागी काचपट्टी बसवली. मास्तर वाकले. बराच वेळ पाहून म्हणाले की काळ्या काड्या दिसतायत, सरळ सरळ, वरखाली हलतायत. मामा म्हणाले, “साहेब, त्या तुमच्या पापण्या हायत. दुसरा डोळा मिटा.”

मग त्यांना जाळी दिसली. त्यांनी काही बोलायच्या आधी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. दोन्ही प्रतिनिधींनीही पाहिलं, आणि तिथं पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं. मास्तरांनी वर पाठवायच्या केंद्राध्यक्षाच्या डायरीत लिहून काढलं: मतदार महिलेच्या बोटांवरील डाग हा गोलजी यांच्या कामी वापरलेल्या रसायनाचा असल्याची खात्री केली, हरकत फेटाळली. नाव कसं लिहायचं ते त्यांनी मला विचारलं होतं, तरी घाईत ‘गोलजी’ लिहिलं. प्रतिनिधींनी सह्या केल्या.

शाई कुठं लावायची हा प्रश्न उरला. डाव्या हातावर जागा नव्हती. उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी कोरी होती. शाईवाल्यानं करंगळी निवडली आणि एक रेघ ओढली. मी मत दिलं.

म्हातारीला मी दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी अंगठ्याला टाचणी टोचली, तिला कळली नाही. रक्त तपासलं तर साखर वाढलेली निघाली. गॉल्जीत मालाला लावायची साखर आणि ही साखर वेगळी, हे मी तिला दोनदा सांगितलं, पण आपलं निदान बाईंनी मतदानाच्या खोलीत फळ्यावर केलं असंच ती सगळ्यांना सांगत राहिली. जखम वेळेत सापडली म्हणून पाय वाचला. नंतर आठवडाभर लोक गुडघे, कंबर, मुंग्या येणारे हात घेऊन प्रयोगशाळेत येत होते आणि मामा त्यांना दारातच अडवून, डॉक्टरकडं जा, इथं फक्त बकरं बघतात, असं सांगत होते.

दोनेक महिन्यांनी प्राचार्यांनी मला बोलावलं. वरून एक पत्र आलं होतं. कुठल्या टेबलावरून आलं ते शिक्का पुसट असल्यामुळे कळलं नाही. नव्या कचेऱ्यांत नवी माणसं भरलेली, मास्तरांची डायरी कुणीतरी फार मन लावून वाचली असावी. पत्रात लिहिलं होतं की आपल्या संस्थेतील श्री. गोलजी यांच्या कामामुळे मतदान काही काळ थांबल्याचं दिसून येतं. सदर कर्मचाऱ्याचा लेखी जबाब आठ दिवसांत सादर करावा.

प्राचार्यांनी पत्र तीनदा वाचलं आणि मला विचारलं की हे गृहस्थ आपल्याकडे कधी लागले. मी सगळं सांगितलं. ते मला रागावले नाहीत. त्यांनी कागद घेतला आणि सरळ उत्तर लिहिलं की सदर गृहस्थ इटलीचे रहिवासी असून ते या संस्थेत कधीही नोकरीस नव्हते आणि पुष्कळ वर्षांपूर्वी मयत झाले आहेत.

पंधरा दिवसांनी उलट टपाली दुसरं पत्र आलं, एका ओळीचं: मयत असल्यास मृत्यूचा दाखला जोडावा. प्राचार्यांनी ते फायलीत लावून ठेवलं. मी त्या कॉलेजात पुढं अठ्ठावीस वर्षं काढली, पण तो दाखला काही आम्ही जोडू शकलो नाही.